व्याध आणि अगस्त्य : ताऱ्यांच्या खऱ्या तेजाची तुलना

फेब्रुवारीच्या मध्यास रात्री सव्वानऊच्या सुमारास जालना जिल्ह्यातील कोणत्याही गावी मोकळ्या जागेत उभे राहून दक्षिणेकडे पाहिले असता दोन ठळक तारे जवळजवळ एकाखाली एक असे दिसतात. वरचा व्याध. तो क्षितिजापासून सुमारे ५३ अंशांवर असतो. खालचा अगस्त्य. त्याची उंची सुमारे १७ अंश भरते. भोकरदन-जाफराबादकडे डोंगराआड तो क्वचित लपेल. पण अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांच्या गोदाकाठच्या सपाट भागातून तो सहज ओळखता येतो. रात्रीच्या आकाशात तेजाच्या क्रमाने व्याध पहिला आणि अगस्त्य दुसरा. हा क्रम फार प्राचीन काळापासून माणसाला ठाऊक आहे व डोळ्यांनी पाहणाऱ्याच्या दृष्टीने तो बरोबरही आहे.

परंतु हा क्रम ताऱ्यांच्या अंगच्या तेजाचा नव्हे. दोन्ही तारे आपल्यापासून सारख्या अंतरावर नेऊन ठेवता आले असते, तर अगस्त्यापुढे व्याध अगदीच फिका पडला असता. हा फरक थोडाथोडका नसून सुमारे ६७० पटींचा आहे. ही संख्या कशी काढली जाते आणि ती काढणे इतके दिवस का अवघड होते, हे समजून घेण्यासाठी फारसे गणित लागत नाही. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यालाही ते करून पाहता येते.

उजेड आणि अंतर

शेतात राखणीस बसलेल्या माणसाच्या हातातील विजेरी बांधावरून डोळे दिपविते. दोन कोसांवरच्या कारखान्याचा मोठा दिवा मात्र ठिपक्याएवढा दिसतो. विजेरी अधिक शक्तीची आहे असे यावरून कोणी म्हणत नाही, कारण दोन्ही दिव्यांची अंतरे ठाऊक असतात. ताऱ्यांच्या बाबतीत नेमकी तीच माहिती नसते. आकाश डोळ्यांना सपाट छतासारखे भासते आणि सर्व दिवे त्या एकाच छताला टांगले आहेत, असे मन धरून चालते.

अंतराबरोबर उजेड किती कमी होतो याचा नियम सोपा आहे. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, तिप्पट झाले की नववा हिस्सा उरतो, दसपट झाले की शंभरावा. शाळेत हे पडताळून पाहण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. पांढऱ्या कागदाच्या मध्यभागी खाद्यतेलाचा एक थेंब पसरू द्यावा. एकाच बनावटीचे दोन एलईडी दिवे घ्यावेत, एक ३ वॉटचा व दुसरा १२ वॉटचा. अंधाऱ्या खोलीत कागद उभा धरून त्याच्या एका बाजूस १ मीटरवर लहान दिवा आणि दुसऱ्या बाजूस २ मीटरवर मोठा दिवा लावावा. तेलाचा डाग जवळजवळ नाहीसा झालेला दिसेल, कारण कागदाच्या दोन्ही अंगांवर आता साधारणतः सारखाच उजेड पडत आहे. चौपट शक्तीचा दिवा दुप्पट अंतरावर गेला की लहान दिव्याच्या बरोबरीचा होतो. मोठा दिवा थोडा जवळ वा दूर सरकवताच डाग पुन्हा उमटतो. कागदाने जे जाणले ते दोन्ही दिव्यांची शक्ती नव्हे. कागदापर्यंत पोचलेला उजेड तेवढा त्याला कळला. डोळ्याचेही तसेच आहे.

प्रतीची मोजपट्टी

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिप्पार्कस या ग्रीक ज्योतिर्विदाने ताऱ्यांची तेजानुसार वर्गवारी केली, असे मानले जाते. सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे आणि जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे. नंबर जितका मोठा तितका तारा मंद, ही काहीशी उलटी वाटणारी रीत तेव्हापासून आली व आजवर टिकून आहे. परीक्षेतील पहिला नंबर जसा सर्वांत लहान आकडा असतो, तसेच हे समजावे.

या ढोबळ वर्गवारीला गणिताची शिस्त लावण्याचे श्रेय नॉर्मन पॉगसन यांच्याकडे जाते. पहिल्या आणि सहाव्या प्रतीच्या ताऱ्यांत, म्हणजे पाच प्रतींच्या अंतरात, बरोबर शंभर पटींचा फरक मानावा, असे त्यांनी १८५६ साली सुचविले. म्हणजे एका प्रतीचा फरक सुमारे २.५१२ पटींचा होतो. पॉगसन १८६१ साली मद्रास वेधशाळेचे प्रमुख म्हणून भारतात आले आणि १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. आज जगभर वापरली जाणारी मोजपट्टी ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्यांच्या आयुष्यातील तीस वर्षे या देशाच्या आकाशाखाली गेली, ही गोष्ट आपल्याकडील पाठांत सहसा येत नाही.

या मोजपट्टीवर अतितेजस्वी तारे शून्याच्याही पलीकडे जातात व त्यांची प्रत ऋण चिन्हाने लिहावी लागते. व्याधाची प्रत −१.४६ आणि अगस्त्याची −०.७४ आहे. दोहोंत ०.७२ चा फरक आहे. पटींत सांगावयाचे झाल्यास व्याध अगस्त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे सुमारे १.९४ पट तेजस्वी दिसतो. हे आकडे वातावरणाचा परिणाम वगळून दिलेले आहेत. प्रत्यक्षात जालन्याहून अगस्त्य क्षितिजाकडे बराच कललेला असल्यामुळे त्याचा प्रकाश हवेच्या आणि धुळीच्या जाड थरातून येतो व तो आणखी मंद वाटतो. अशा दिसणाऱ्या तेजाच्या मापाला दृश्य प्रत म्हणतात.

दहा पार्सेकचा दंडक

एका तालुक्यात कापूस एकूण क्विंटलांत जास्त निघाला म्हणून तेथील पीक सरस होते, असे कृषी खात्यातील कोणी ठरवीत नाही. दर हेक्टरी उतारा काढला जातो आणि मगच तालुक्याची तालुक्याशी तुलना होते. ज्योतिर्विदांनी ताऱ्यांसाठी हेच केले. सर्व तारे एका ठराविक अंतरावर आणून ठेवले आहेत अशी कल्पना करावयाची आणि तेथून ते कोणत्या प्रतीचे दिसतील ते गणिताने काढावयाचे. हे ठराविक अंतर १० पार्सेक, म्हणजे ३२.६ प्रकाशवर्षे धरलेले आहे. या अंतरावरून दिसणाऱ्या प्रतीस निरपेक्ष प्रत म्हणतात. दहा या आकड्यात निसर्गाचे काही रहस्य नाही; हिशेबाच्या सोयीसाठी सर्वांनी मान्य केलेला तो दंडक आहे, इतकेच.

ज्या शिक्षकांना सूत्र हवे असेल त्यांच्यासाठी ते असे : अंतर पार्सेकमध्ये घ्यावे, त्याला दहाने भागावे, आलेल्या संख्येचा लॉगरिथम काढून पाचाने गुणावे आणि तो गुणाकार दृश्य प्रतीतून वजा करावा. व्याधाचे अंतर ८.६ प्रकाशवर्षे, म्हणजे सुमारे २.६४ पार्सेक आहे. त्यावरून त्याची निरपेक्ष प्रत सुमारे +१.४ येते. अगस्त्य सुमारे ३१० प्रकाशवर्षांवर, म्हणजे ९५ पार्सेकवर आहे. त्याची निरपेक्ष प्रत सुमारे −५.६ येते. व्याधाला दहा पार्सेकवर नेण्यासाठी दूर ढकलावे लागते, म्हणून तो फिका होतो. अगस्त्याला जवळ ओढावे लागते, म्हणून तो उजळतो.

लॉगरिथम न वापरताही तेच उत्तर मिळते. अगस्त्य व्याधाच्या ३६ पट दूर आहे. छत्तीसचा वर्ग १,२९६. म्हणजे दोन्ही तारे सारख्याच अंगच्या तेजाचे असते, तर अगस्त्य व्याधाच्या १,२९६ व्या हिश्श्याने दिसला असता. प्रत्यक्षात तो निम्म्याहून थोड्या अधिक तेजाने दिसतो. १,२९६ ला १.९४ ने भागले की ६६८ येतात. आरंभी सांगितलेली सुमारे ६७० पट ती हीच.

सूर्यालाही याच रांगेत उभे करता येते. त्याची निरपेक्ष प्रत +४.८३ आहे. व्याध सूर्याच्या सुमारे २३ पट प्रकाश देतो, अगस्त्य सुमारे १५ हजार पट. हे आकडे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापुरते आहेत. मृग नक्षत्रातील राजन्य याहूनही वरचढ ठरतो. सुमारे ८६० प्रकाशवर्षांवरून येऊनही त्याची दृश्य प्रत ०.१३ आहे आणि त्याचे खरे तेज सूर्याच्या पन्नास हजार पटींच्या घरात जाते.

त्याच मृगातील तांबूस काक्षी मात्र इतक्या सरळपणे हाती लागत नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत सळई ओढताना पाहणाऱ्यांस हे माहीत असते की, लाल तापलेले लोखंड पिवळ्या-पांढऱ्या तापलेल्या लोखंडापेक्षा थंड असते आणि उजेडही कमी देते. काक्षीचा पृष्ठभाग राजन्यापेक्षा कितीतरी थंड आहे. तरीही तो हजारो सूर्यांइतका प्रकाश देतो. याचा उलगडा एकच, तो म्हणजे त्याचा अवाढव्य आकार. पण नेमके किती हजार सूर्य हे सांगताना हात आखडतो. काक्षीच्या अंतराचे अंदाज साधारण ५०० ते ७०० प्रकाशवर्षांच्या दरम्यान आहेत. शिवाय त्याचे तेज स्वतःच कमीजास्त होते. २०१९ च्या अखेरीस तो मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची प्रत १.६ पर्यंत उतरली होती.

खरी अडचण अंतराची

वरील सर्व हिशेब पाहता एक गोष्ट ध्यानात येईल. दृश्य प्रत मोजणे हे तुलनेने सोपे काम आहे. निरपेक्ष प्रतीचा सारा भार अंतरावर पडतो, आणि अंतरात झालेली चूक वर्गाने वाढते.

जालन्याहून परतूरकडे जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकीतून पाहताना रुळांलगतच्या बाभळी झपाट्याने मागे जातात आणि दूरची टेकडी जागची हलत नाहीशी वाटते. पृथ्वी वर्षभरात सूर्याभोवती फिरते तेव्हा जवळचे तारेही दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर असेच किंचित सरकतात. या सरकण्याच्या कोनास पराशय म्हणतात. फ्रीड्रिख बेसेल यांनी १८३८ साली हंस समूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय मोजून दाखविला. ज्या ताऱ्याचा पराशय एक विकला भरेल तो एक पार्सेक अंतरावर असतो. अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे पाच किलोमीटरवरून जेवढे दिसेल तेवढा हा एक विकलेचा कोन आहे. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारीदेखील इतका पराशय दाखवीत नाही. अगस्त्याचा पराशय तर विकलेचा सुमारे शंभरावा भाग आहे. तेच नाणे जवळपास पाचशे किलोमीटरवर धरावे तसे! जालन्याहून हैदराबादचे सरळ रेषेतील अंतरही याहून कमी आहे.

जमिनीवरील दुर्बिणींना इतका सूक्ष्म कोन वातावरणाच्या थरथरीमुळे विश्वासाने मोजता येईना. परिणामी अगस्त्याच्या अंतराचे अंदाज सुमारे शंभर प्रकाशवर्षांपासून बाराशे प्रकाशवर्षांपर्यंत पसरलेले होते. अंतरात बारा पटींची अनिश्चितता म्हणजे अंगच्या तेजात १४४ पटींची. आकाशातील दुसऱ्या क्रमांकाचा तारा, ज्याच्या उदयाशी पावसाळ्यानंतर पाणी निवळण्याची समजूत जोडली गेली, विंध्याला नमवून दक्षिणेस गेलेल्या ऋषींचे नाव ज्याला मिळाले, त्याचे खरे तेज विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत कोणालाही निश्चित सांगता येत नव्हते. युरोपीय अवकाश संस्थेने १९८९ मध्ये सोडलेल्या हिप्पार्कस या उपग्रहाने वातावरणाबाहेरून सुमारे १ लाख १८ हजार ताऱ्यांचे पराशय मोजले आणि १९९७ साली त्यांची सूची प्रसिद्ध झाली, तेव्हा हा प्रश्न सुटला. त्याच संस्थेच्या गैया उपग्रहाने जानेवारी २०२५ पर्यंत निरीक्षणे केली व त्याच्या मापनांतून सुमारे १४६ कोटी ताऱ्यांचे पराशय उपलब्ध झाले आहेत. गंमत अशी की, व्याध-अगस्त्यासारखे झगझगीत तारे गैयाच्या अतिसंवेदनशील यंत्रांना सोसवत नाहीत. त्यांच्यासाठी अद्याप जुन्या हिप्पार्कसचाच आधार घेतला जातो.

व्याधाखालचा पट्टा

या कामात मराठवाड्याच्या माथ्यावरील आकाशाचाही एक वाटा आहे. जालना पूर्वी हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे; स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्या संस्थानात नवाब जफर जंग यांनी १९०१ साली एक वेधशाळा काढली. १९०८ मध्ये निजाम सरकारने ती ताब्यात घेतली, नंतर बेगमपेठ येथे तिची उभारणी झाली आणि पुढे ती उस्मानिया विद्यापीठाकडे आली. पॅरिस येथे १८८७ साली भरलेल्या परिषदेत साऱ्या आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची सूची करण्याचे ठरले होते व निरनिराळ्या वेधशाळांना आकाशाचे पट्टे वाटून देण्यात आले होते. त्यांपैकी विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील १७ ते २३ अंशांचा पट्टा निजामिया वेधशाळेकडे आला. आठ इंची दुर्बिणीने काचांवर छायाचित्रे घ्यावयाची, मग एकेका ठिपक्याचे स्थान आणि तेज मोजून नोंदवायचे, असे हे काम होते. रॉबर्ट पोकॉक आणि त्यांच्यानंतर टी. पी. भास्करन यांच्या देखरेखीखाली ते चालले. पुढे उत्तरेकडील आणखी एक पट्टा घेण्यात आला आणि बारा खंडांत मिळून साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या.

जालन्याहून पाहिले असता हा दक्षिणेकडील पट्टा ओळखणे अगदी सोपे आहे. व्याध मध्यावर आला असता त्याच्या लगेच खाली, हात लांब करून धरलेल्या तीन-चार बोटांच्या रुंदीइतके जे आकाश, तोच तो पट्टा. त्या नोंदींत अंतरे नव्हती. ती असणे शक्यही नव्हते. केवळ स्थाने आणि दृश्य प्रती होत्या. तरीही ते श्रम वाया गेले नाहीत. ताऱ्यांची स्वतःची गती काढण्यासाठी जुनी स्थाने लागतात, आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या टायको-२ या सूचीत हिप्पार्कस उपग्रहाच्या निरीक्षणांशी जोडण्यासाठी या जुन्या छायाचित्र-सूचीचाच उपयोग करण्यात आला.

याच पट्ट्यात व्याधाच्या चार अंश खाली द्विनेत्रीतून दिसणारा एक तारकागुच्छ आहे. अशा गुच्छांचे वैशिष्ट्य असे की, त्यातील सर्व तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात. तेथे अंतर माहीत नसले तरी तुलना बिनचूक होते. जो ठळक दिसतो तो खरोखरच ठळक. नुसत्या डोळ्यांनी पाहावयाचे तर कृत्तिका हे याचे उत्तम उदाहरण होय. सुमारे ४४० प्रकाशवर्षांवरील ते एकच कुटुंब आहे. शेजारच्या रोहिणीकडे मात्र जपून पाहावे. रोहिणीभोवतीचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा गुच्छ सुमारे १५० प्रकाशवर्षांवर आहे. खुद्द रोहिणी त्या गुच्छातील नाहीच. ती सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर, वाटेतच उभी आहे.

मेअखेरचे आकाश

मे महिन्याच्या अखेरीस, वळवाने आकाश धुऊन काढले असेल तर, रात्री सव्वादहाच्या सुमारास दुसरी एक जोडी पाहण्यासारखी असते. स्वाती तारा त्या वेळी जालन्याच्या जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. शिरोबिंदूपासून तो एका अंशाच्या आत असतो व गोदाकाठाकडे जावे तसतसा आणखी जवळ येतो. त्याच सुमारास दक्षिण क्षितिजापासून केवळ नऊ अंशांवर मित्र हा तारा दिसतो. दोहोंच्या दृश्य प्रती जवळजवळ सारख्या, किंबहुना मित्राची थोडी सरसच : मित्र −०.२७, स्वाती −०.०५. मित्र हा ४.४ प्रकाशवर्षांवरचा शेजारी आहे आणि त्याच्या दोन्ही ठळक घटकांचा मिळून प्रकाश सूर्याच्या दुप्पट भरतो. स्वाती ३७ प्रकाशवर्षांवर असून सूर्याच्या शंभराहून अधिक पट तेजस्वी आहे. स्वाती दहा पार्सेकच्या दंडकाच्या अगदी जवळ असल्यामुळे तो जसा दिसतो तसाच जवळपास आहे. २५ प्रकाशवर्षांवरील अभिजितचेही असेच. विद्यार्थ्यांना दंडकाची कल्पना देण्यासाठी याहून चांगले तारे नाहीत.

मित्र दिसेल की नाही हे मात्र केवळ ढगांवर अवलंबून नाही. गावाच्या दक्षिण बाजूस वर तोंड करून लावलेला एखादा झगझगीत दिवा असेल, तर नऊ अंशांवरचा तारा त्यात बुडतो. पथदिव्यांवर छत्री बसवून त्यांचा उजेड खाली रस्त्यावरच पाडला, तर वीज तेवढीच लागते, रस्ता अधिक उजळतो आणि आकाश काळे राहते. हे काम ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहे. शहरातील चौकातून पाहताना चौथ्या-पाचव्या प्रतीचे तारे आजच नाहीसे झालेले आहेत.

या प्रतींचे मोल काय, हे सूर्याच्या संदर्भात पाहावे. मे महिन्यात त्याच रात्री उत्तरेकडे वळले की सप्तर्षी दिसतात. त्यांतील वसिष्ठाजवळची बारीकशी अरुंधती लग्नात नवऱ्या मुलाने मुलीस दाखवावयाची, अशी रीत आहे. अरुंधतीची दृश्य प्रत ४.० आहे. दहा पार्सेकवर नेऊन ठेवलेला सूर्य, ज्याच्यावर जिल्ह्यातील मोसंबीची बाग आणि ज्वारीचे रान पिकते, तो या अरुंधतीच्या निम्म्याहूनही कमी तेजाचा दिसला असता. अंधाऱ्या गावातून डोळे ताणून तो सापडला असता. शहरातील चौकातून नाही.